सर, खडू खाली ठेवा

सर, वीस-बावीस वर्षं झाली तुमच्या नोकरीला. शाळेला किती शिक्षक हवेत ते ठरवणाऱ्या संच मान्यतेत दोनदा अतिरिक्त ठरता ठरता वाचलात. दिवसा नववीला बीजगणित, सुट्टीत मतदारयाद्या, रात्री माहिती भरायला सरकारी पोर्टल उघडण्याची वाट. किती दिवस खडूची भुकटी खाणार? आमदार व्हा.

विधानसभेचं खूळ मात्र डोक्यात घेऊ नका. तिथे बारशापासून दहाव्यापर्यंत हजेरी लावावी लागते. तुमची जागा विधान परिषदेत आहे. एकूण ७८ जागा, त्यातल्या ७ शिक्षकांनी निवडून द्यायच्या आणि एक आपल्या नाशिक विभागाची. पाच जिल्हे, अक्कलकुव्यापासून जामखेडपर्यंत. मुदत सहा वर्षं. शिवाय हे सभागृह कधी बरखास्त होत नाही. सरकारं येवोत, कोसळोत, तुमची खुर्ची शाबूत. आयुष्यभर ‘पर्मनंट ऑर्डर’ म्हणून जिची वाट पाहिलीत ती हीच.

एक गंमत सांगतो. इथे मत द्यायला गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या वर्गाला शिकवल्याचा दाखला लागतो. उमेदवाराला लागत नाही. तो शिक्षक असलाच पाहिजे अशी अटच नाही. त्यामुळे तुमच्यासमोर संस्थाचालक उभे राहतील, उद्योजक राहतील. तुम्ही ‘खरा शिक्षक’ एवढंच भांडवल घेऊन फिरा. ज्या गुरुजींनी हात धरून तुम्हाला बाराखडी गिरवायला लावली, त्या प्राथमिकच्या गुरुजींना इथे मत नाही. त्यांच्या पाया पडा, पण फोटोपुरतं.

प्रचारात मिसळ असतेच, ती नाशिकची रीतच आहे. येवल्याच्या पैठणीचा विषय कुणी काढला तर ‘हातमागाला प्रोत्साहन’ म्हणा. तुमच्याच नावाचे आणखी दोघे अर्ज भरतील, घाबरू नका. २०२४ ला इथे नावबंधूंची अशी गर्दी झालीच होती. हजेरी घेताना एका नावाला तीन पोरं ‘हजर’ म्हणायची, तसंच समजा.

खरी भीती मतपत्रिकेची. इथे यंत्र नसतं, पसंतीक्रम लिहायचा असतो. केंद्रावर देतात त्याच जांभळ्या पेनाने, आकड्यात. ‘एक’ असं अक्षरात लिहिलं, बाद. सही केली, बाद. आणि आमच्या शिक्षक बांधवांचा हात जन्मभर एकाच वळणाने गेलेला, नाव आवडलं की बरोबरची खूण! तीही बाद. ‘सूचना नीट वाचा’ असं प्रत्येक प्रश्नपत्रिकेवर छापणाऱ्यांची मतं दरवेळी बाद होतात आणि कुणाला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. तुम्ही मात्र आपल्या माणसांची चाचणी परीक्षा घ्या. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त एवढा कोटा गाठायचा असतो. तो पहिल्या फेरीत गाठला नाही तर तळाचे उमेदवार बाद करत, त्यांच्या मतांवरच्या पुढच्या पसंती वाटत मोजणी रात्रभर चालते. म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या कार्यकर्त्याला हळूच सांगून ठेवा, ‘पहिली त्यांना द्या हो, दुसरी तेवढी मला.’

निवडून आलात. पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठलीत. आता कामाचं.

सभागृहात प्रश्न विचारायचा असतो. यात तुमचा हात कोण धरणार? ‘हे खरे आहे काय?’ असं विचारायचं, म्हणजे चूक की बरोबर ते लिहा. मंत्र्यांकडून छापील उत्तर येतं: ‘हे अंशतः खरे आहे.’ पुढे, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ सहामाहीच्या पेपरात एखाद्या पोराने ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं उत्तर लिहिलं असतं तर तुम्ही त्याला बाकावर उभं केलं असतं, बापाला बोलावणं धाडलं असतं. इथे उठायचं, ‘सभापती महोदय, मी मंत्री महोदयांचे आभार मानतो’ म्हणायचं आणि बसायचं. पहिल्या अधिवेशनात जीभ अडखळते. नागपूरचं हिवाळी येईपर्यंत सवय होते.

अमरावती पदवीधर मतदारसंघाचे प्रा. बी. टी. देशमुख पाच वेळा निवडून आले, तीस वर्षं परिषदेत बसले. विदर्भाच्या अनुशेषाचे आकडे मांडून आणि नियमांवर बोट ठेवून सरकारला घाम फोडायचे. त्यांची भाषणं चुकूनही वाचू नका. गृहपाठाची सवय एकदा लागली की सत्कारांना वेळ उरत नाही.

आणि सत्कार हाच तर मुख्य विषय. त्यासाठी टप्पा अनुदान, म्हणजे शिक्षकांच्या पगारासाठी सरकार शाळांना टप्प्याटप्प्याने देतं ते अनुदान, समजून घ्या. ‘कायम विनाअनुदानित’, म्हणजे अनुदान कधीच न मिळणाऱ्या शाळांच्या मागचा ‘कायम’ हा शब्द २००९ साली काढला. एक शब्द खोडला! २० टक्क्यांचा पहिला टप्पा मिळेपर्यंत २०१६ उजाडलं. मग ४०, मग ६०. अडाणी माणूस विचारेल, एकदम १०० का नाही मागत? सर, तुम्ही गणिताचे. १०० टक्के म्हणजे एक सत्कार. वीस-वीसचे टप्पे म्हणजे पाच. प्रत्येक टप्प्याला शासन निर्णयाची प्रत हातात धरून फोटो, रविवार कारंजावर फलक, ‘पाठपुराव्याला यश’. मधल्या काळात शिक्षक पावसात आझाद मैदानावर बसतातच. तिथे जा, चिखलात मांडी घाला, माईक हातात घ्या, ‘मीही तुमच्यातलाच’ म्हणा. डोळ्यांत पाणी आलं तर उत्तम. प्रश्न पूर्ण सुटला तर पुढच्या निवडणुकीत तुम्ही काय सोडवणार?

पेन्शनवर बोलताना तेवढं जपून. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. मार्च २०२३ च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ अशी घोषणा तुम्हीही घसा फोडून दिली असेल. आमदाराला मात्र एका मुदतीवर महिना ५० हजारांची पेन्शन आहे, पुढच्या वर्षांची वाढ वेगळी. म्हणजे तुमच्यापुरतं मिशन फत्ते झालेलं आहे. घोषणा चालू ठेवा, फक्त ‘आमची’ऐवजी ‘तुमची’ म्हणा. व्याकरण तुम्हाला सांगायला नको.

कधीतरी जुन्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला या. तासभर उशिरा या, द्वारका चौकातल्या वाहतुकीवर ढकलून द्या, नाशिककर ते मुकाट्याने मान्य करतो. तुमच्या जागेवर तासिका तत्त्वावर आलेला पोरगा शाल-नारळाचं ताट धरून उभा असेल. कदाचित तुमचाच विद्यार्थी. तो चार घड्या घातलेलं निवेदन पुढे करेल. ‘बघतो, अधिवेशनात लावून धरतो’ म्हणून घ्या. गाडीत बसल्यावर उघडून पाहा. कागद पाठकोरा असेल. टाकू नका, सर. कच्च्या कामाला होतो.