श्वास 20, 20, 20, 20

फाईल उघडली, टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या तक्त्यावर, नजर गेली की माझं डोकं फिरतं. ताप वेगळा, नाडी वेगळी, बीपी वेगळं, आणि श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 20, 20, 20, 20. सकाळी 20, दुपारी 20, रात्री दोन वाजता 20. बाळंतीण 20, सत्तरीतला म्हातारा 20, पोटाचं ऑपरेशन होऊन तास झालेला माणूस, तोही 20. अहो, मोजले कधी? पूर्ण एक मिनिट घड्याळ धरून पेशंटच्या छातीकडे बघत उभं राहिलेलं शेवटचं कुणाला पाहिलं, ते मला आठवावं लागतं.

सोलापुरात सिस्टर म्हणून मला 19 वर्षं झाली. त्यातली 11 ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, आणि ऑपरेशननंतर पेशंट ठेवतात त्या रिकव्हरीत गेली. आजवर गिळलं, आता लिहिते, कारण मागच्या महिन्यात जे झालं ते डोक्यातून जात नाही.

मे महिना, बाहेर 43-44 चा पारा. पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीचं ऑपरेशन झालेले साठीचे एक काका. जाड मान, पोट सुटलेलं. आत भूल देताना फेंटॅनिल दिलेलं, शेवटी दुखू नये म्हणून मॉर्फिन, दोन्ही अफूच्या जातीची दुखणं मारणारी औषधं. डोस काही वावगा नव्हता. काका डोळे उघडून, नाव सांगून बाहेर आले. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "बघा सिस्टर, मी आहे अजून पाच मिनिटं," आणि पाच मिनिटांनी गेले, कारण दुसऱ्या हॉस्पिटलात दुसरा पेशंट टेबलावर. आपल्याकडे निम्मे भूलतज्ज्ञ असेच पळत असतात, सात रस्त्यावरून होटगी रोड, तिथून विजापूर रोड. त्यांचं पोट त्यावर आहे, कळतं मला. पण मॉर्फिनचा पूर्ण असर यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आत ऑपरेशनचं दुखणं आणि हलवाहलवी माणसाला जागं ठेवते. ते थांबलं, कॉटवर शांत पडला, की औषध वरचढ होतं. नेमके तेव्हाच डॉक्टर रस्त्यात असतात.

मी शेजारच्या पेशंटचं सलाईन बदलत होते. काकांचा मुलगा आणि त्याचा मेव्हणा दाराशी उभे. मेव्हणा म्हणाला, "बघा की, मामा कसले मस्त घोरायलेत. दोन रात्री झोप नव्हती बिचाऱ्यांना."

घोरायलेत. हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. ऑपरेशननंतरचं घोरणं ही गाढ झोप नसते हो! जीभ मागे पडलेली असते, घसा निम्मा बंद असतो, आणि मेंदूला अफूच्या जातीच्या औषधाने सांगितलेलं असतं की घाई नाही, श्वास सावकाश घे. मी वळून बघितलं. मॉनिटरवर ऑक्सिजन 99. हिरवा आकडा, झकास. तोंडावर मास्क, पाच लिटर चालू. छातीकडे बघितलं. एक श्वास. मग काहीच नाही. मी मनात आकडे मोजत राहिले. मग घशातून खर्रकन एक. परत शांत. पोटावर हात ठेवून घड्याळाचा काटा धरला. मिनिटात सहा.

सहा! आणि आकडा 99.

हे एकदा नीट समजून घ्या, म्हणजे मी का ओरडते ते कळेल. श्वासाची दोन कामं असतात, ऑक्सिजन आत घेणं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं. बोटाला लावलेला चिमटा फक्त पहिल्या कामाचा हिशोब सांगतो. मास्कमधून जादा ऑक्सिजन चालू असला की माणूस मिनिटाला सहा श्वास घेत असला तरी रक्तातला ऑक्सिजन बराच वेळ भरलेला दिसतो. तिकडे कार्बन डायऑक्साइड साठत जातो. त्याने माणूस आणखी गुंगतो, गुंगला की श्वास आणखी कमी. आकडा खाली यायला लागतो तेव्हा हातात फारसा वेळ उरलेला नसतो. कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र असतं, कॅप्नोग्राफ, आत ओटीत असतंही. बाहेर रिकव्हरीत किती ठिकाणी आहे? वॉर्डात तर विचारूच नका. यंत्र नाही म्हणता, ठीक आहे. डोळे आहेत ना? घड्याळ आहे ना?

काकांना हलवलं, कानाशी ओरडले, खांद्याला चिमटा काढला. डोळे किलकिले झाले आणि परत मिटले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. हनुवटी उचलून जबडा पुढे धरला, घोरणं थांबलं, हवा आत जायला लागली. दुसऱ्या सिस्टरला हाताने दाबून श्वास द्यायची अँबू बॅग आणि नॅलॉक्झोन, म्हणजे ह्या औषधांवरचा उतारा, आणायला पळवलं, डॉक्टरांना फोन. ते अर्ध्या वाटेतून मागे फिरले. नॅलॉक्झोनचं 400 मायक्रोग्रॅमचं अँप्यूल, म्हणजे काचेची कुपी, दहा मिलीत पातळ करून एकेक मिली, मध्ये थांबून थांबून. सगळं एकदम ढकललं तर माणूस कळवळत उठतो, बीपी आभाळाला जातं, दुखणं थांबवायला दिलेलं सगळंच पुसलं जातं. तिसऱ्या मिलीनंतर श्वास दहावर आले, मग बारावर. काका "पाणी" म्हणाले. माझे हात तेव्हा थरथरायला लागले, त्याआधी नाही.

आणि मग मुलगा काय म्हणतो? "सिस्टर, पप्पा रोज झोपेची गोळी घेतात, त्याचं काही नसेल ना? मम्मीने काल रात्री पण दिली होती, आणि पहाटे अर्धी. घाबरले होते म्हणून."

दोन वर्षांपासून अल्प्राझोलम. रोज. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी लागत नाही. आदल्या दिवशी मी स्वतः, ह्याच तोंडाने विचारलं होतं. आपल्याकडे पेशंट मोहोळ, बार्शी, अक्कलकोटचे असतात तसे कर्नाटकातल्या इंडीकडचे कानडी बोलणारेही येतात आणि सोलापूरच्या पूर्व भागातले तेलुगू बोलणारेही. म्हणून मी झोपेची गोळी म्हणते, निद्दे मात्रे म्हणते, निद्र मात्र म्हणते. उत्तर तिन्ही भाषांत एकच. नाही. इल्ला री. लेदु अम्मा. काकांनी तर मान हलवून सांगितलं होतं, "छे, मला कसली गोळी!" बायको शेजारी उभी, गप्प. पाहुणे ऐकतात ना, लोक काय म्हणतील!

लोकांना काय म्हणायचं ते म्हणू द्या हो! आम्ही पोलीस नाही. झोपेची गोळी आणि ही इंजेक्शनं, दोन्ही मेंदूला झोपवतात, दोन्ही मिळून श्वास जास्त दाबतात. आधी कळलं असतं तर डॉक्टरांनी मॉर्फिन कमी केलं असतं, जखमेभोवती बधिर करायचं औषध जास्त भरलं असतं, पॅरासिटामॉलवर भर दिला असता. आणि नॅलॉक्झोन फक्त अफूच्या जातीच्या औषधावर चालतं. झोपेच्या गोळीवर त्याचा काही उपयोग नाही. म्हणजे निम्मं विष आम्ही उतरवलं आणि उरलेलं निम्मं कुठलं, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

दारूचंही तेच. "कधीतरी, लग्नाकार्यात." आणि तोंडाला वास. शिंदी, म्हणजे ताडीसारखं पेय, पिणारा तर सांगतच नाही, त्याला ती दारू वाटतच नाही, ती "थंडाई". तिच्यात क्लोरल हायड्रेट मिसळतात, धाडी पडतात, पेपरात बातम्या येतात. ते झोपेचंच रसायन आहे. सकाळी दोन ग्लास शिंदी पिऊन, उपाशी आहे म्हणून सांगून टेबलावर झोपलेला माणूस मी पाहिलाय.

तुम्हाला आत विचारतील, झोपेत घोरता का, मध्येच श्वास अडकून दचकून उठता का. त्यावर बायका हसतात. हसू नका, सांगा. किडनी कमजोर आहे का विचारतील. मॉर्फिनचं विघटन लिव्हरमध्ये होतं, पण त्यातून जे तयार होतं ते किडनीतून बाहेर पडतं. किडनी थकलेली असेल तर ते साठतं आणि दुसऱ्या दिवशीही असर करतं. आधीच्या ऑपरेशनचे कागद असतील तर आणा. मोबाईलवर जुनी चिठ्ठी दाखवलीत तरी चालेल.

बरं, काकांच्या ह्या प्रकारानंतर अर्ध्या तासात मुलगा आणि मेव्हणा दोघेही माझ्या मागे लागले, "आता जागे झालेत की वो, वर रूममध्ये हलवा ना, माणसं बघायला आलीत." मी नाही म्हटलं. नॅलॉक्झोन तासाभरात उतरतं, मॉर्फिन चार-चार तास राहतं. उतारा संपला की औषध परत डोकं वर काढतं. वर रूममध्ये दहा पाहुणे, कडक भाकरीचे डबे उघडलेले, आणि मधल्या कॉटवर माणूस हळूहळू निळा पडलेला, असं मला नकोय. मुलाने रिसेप्शनवर जाऊन माझी तक्रार केली. सिस्टर उद्धट आहेत. असू दे. रात्री दहापर्यंत ठेवलं मी त्यांना, दर दहा मिनिटांनी श्वास मोजून.

तक्रारच करायची तर ह्याची करा. आमच्या कपाटाला कुलूप आहे. 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, त्यात 2014 साली दुरुस्ती झाली, परवाना, रजिस्टर, सगळं आहे. फेंटॅनिलचं एकेक अँप्यूल लिहिलं जातं. कुणाला दिलं, किती दिलं, उरलेलं कुणासमोर ओतलं, दोन सह्या. रिकामी काच परत जमा. एक फुटलं तर मला अर्धा पान खुलासा लिहावा लागतो. लिहिते, बरोबरच आहे ते. पण औषधाच्या थेंबाथेंबाचा हिशोब ठेवणारी माणसं ते औषध ज्याच्या शिरेत गेलं त्याचे श्वास मोजत नाहीत! त्या रकान्याला सही लागत नाही म्हणून? 

आणि सिरिंजा. अहो, मायक्रोग्रॅमचं औषध आहे ते! फेंटॅनिलचे 100 मायक्रोग्रॅम म्हणजे ढोबळमानाने मॉर्फिनचे 10 मिलिग्रॅम, इतकं जहाल. सिरिंजमध्ये भरलं की ते पाण्यासारखं, गुंगी आणणारं मिडाझोलामही पाण्यासारखं, सलाईनही पाण्यासारखं. ह्या जातीच्या औषधांना निळं लेबल लावायचं असतं. आमच्याकडे लेबलं संपली की चिकटपट्टीच्या तुकड्यावर पेनने "एफ". कधी तेही नाही. ट्रेमध्ये बिननावाची सिरिंज दिसली की मी ती कुणालाही न विचारता फेकते. सर्जन वैतागतात, भूलवाले वैतागतात, "सिस्टर, मीच भरली होती की!" तुम्हीच भरली होती तर नाव टाका. दोन सेकंद लागतात.

एवढं वाचून कुणीतरी म्हणेल, मग ही इंजेक्शनं देतातच कशाला? रील बघून आलेला एक जण मला म्हणाला होता, हे ते अमेरिकेतलं फेंटॅनिल ना? त्यानेच मेलेत ना हजारो? हो, 2022 साली तिकडे अशा कृत्रिम अफूच्या औषधांनी वर्षात सत्तर हजारांवर माणसं गेली, बहुतेक चोरट्या कारखान्यांतल्या फेंटॅनिलने, किती घेतोय हे न कळता, एकटी, आणि उठवायला कुणी नाही. 1960 च्या सुमारास बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत बनलेलं तेच औषध आमच्या ओटीत रोज वापरतात, आणि माणसं हसत घरी जातात. पोट फाडायचं तर दुखणं मारायलाच हवं. दुखण्याने नाडी पळते, बीपी चढतं, हृदय दमतं, माणूस खोकायला घाबरतो आणि छातीत कफ धरतो. आईला, बापाला तळमळत ठेवा असं मी कधीच म्हणणार नाही. औषध द्या. देऊन झाल्यावर तिथे थांबा, एवढंच म्हणतेय.

काल सकाळी वॉर्डात चक्कर मारली. हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा, रात्री दोनदा ट्रमाडॉल, तेही अफूच्या जातीचंच, लागलेलं. फाईल उघडली. रात्रभराच्या सहा नोंदी. सहाच्या सहा 20. नाईटची मुलगी नवीन, कोर्स संपून चार महिने झालेत, रात्री एकटी आणि वीस कॉट. तिच्यावर ओरडणार होते, ओरडलेही. मग तिला आजोबांच्या उशाशी उभं केलं. म्हटलं, हात ठेव पोटावर. घड्याळ बघ. पूर्ण मिनिट. मध्ये बोलू नको, फोन घेऊ नको.

तिचे ओठ हलत होते. मिनिट संपल्यावर म्हणाली, "चौदा, मॅडम." मग फाईलकडे बघून हळूच, "वरचे खोडू का?"

म्हटलं, खोडू नको. खाली वेळ टाक, सात वाजून दहा मिनिटं, आणि 14 लिही. आणि पुढच्या कॉटला चल.