ट्रॉलीला इंजिन नाही, पण विमा लागतो

कारखान्यांचे बॉयलर पेटायची वेळ आली की ऊस वाहतूकदारांच्या ग्रुपवर एक मेसेज दरवर्षी फिरतो. यंदा तो मला चार जणांनी पाठवला. त्यातले दोघे पहिल्यांदाच भाड्याची ट्रॉली जोडणार आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय. मेसेज असा:

"ट्रॉलीला इंजिन नसतं, त्यामुळे ती वाहनात मोडत नाही. ट्रॅक्टरचा विमा चालू असला की ट्रॉली त्यात आपोआप येते. ट्रॉली भाड्याची असेल तर जबाबदारी ट्रॉलीमालकाची. ट्रॅक्टरच्या लायसनवर ट्रॉली ओढता येते. टोळीतले मजूर थर्ड पार्टीत येतात. एजंटच्या नादाला लागू नका."

यातला लायसनचा मुद्दा बरोबर आहे. ट्रॅक्टर चालवायचं वैध लायसन असेल तर मागे ट्रॉली जोडल्याने ते निरुपयोगी होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली नागशेट्टी प्रकरणात सांगितलंय. बाकीचे मुद्दे मात्र माणसाला खड्ड्यात घालणारे आहेत.

इंजिनाचं म्हणणं मोटार वाहन कायद्यापुढे टिकत नाही. 1988 च्या या कायद्यातल्या कलम 2(28) मध्ये मोटार वाहनाची व्याख्या आहे आणि तिच्यात ट्रेलर हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे; आपली ट्रॉली म्हणजे कायद्याच्या भाषेत ट्रेलरच. म्हणजे ट्रॉलीची नोंदणी वेगळी आणि कलम 146 प्रमाणे थर्ड पार्टी विमाही, म्हणजे आपल्या वाहनाने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, हवा. विमा नसताना वाहन रस्त्यावर आणलं तर पहिल्या वेळी 2000 रुपये दंड, पुन्हा सापडलं तर 4000, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

दंड भरून माणूस सुटतो. अपघातातून तसं सुटता येत नाही, म्हणून "आपोआप येते" या वाक्यावर मला जास्त बोलायचंय. ट्रॅक्टरची पॉलिसी काढा आणि शेड्यूलचं, म्हणजे वाहनाचा आणि हप्त्याचा तपशील असलेलं पान बघा. ट्रेलरच्या रकान्यात नंबर आहे का? त्याच्यापुढे हप्ता लावलाय का? रकाना कोरा असेल तर ट्रॉलीचा हप्ता तुम्ही भरलेला नाही, आणि क्लेमच्या वेळी कंपनी आधी त्याच रकान्यावर बोट ठेवणार. ट्रॅक्टरच ट्रॉली ओढतो, म्हणून ट्रॅक्टरच्या विमा कंपनीने पैसे द्यावेत, असे निकाल काही न्यायालयांनी दिले आहेत, हे मान्य. पण तो निकाल हाती पडेपर्यंत वर्षं जातात, आणि तो आपल्या बाजूनेच लागेल याची खात्री नसते.

2007 मधलं ब्रिज मोहन प्रकरण बघा. ट्रॉलीवर बसलेला एक मजूर जखमी झाला. ट्रॅक्टरचा विमा होता, तोही फक्त शेतीकामासाठी, ट्रॉलीचा नव्हता. विमा कंपनीची जबाबदारी येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. जखमी माणूस गरीब होता, म्हणून कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि नंतर ते ट्रॅक्टरमालकाकडून वसूल करावेत, असा आदेश झाला. म्हणजे विमा असूनही शेवटी भुर्दंड मालकालाच.

मजूर थर्ड पार्टीत येतात, याचंही उत्तर यातच आलं. आमच्याकडे पहाटे फडावर जाताना अख्खी टोळी ट्रॉलीत असते, बायका-पोरं, भांडीकुंडी सगळं. दोघं मडगार्डवर. ट्रॅक्टरवर सीट एकच असते, ड्रायव्हरची. बाकीचे पॉलिसीच्या हिशेबात धरलेलेच नसतात. जी माणसं आपल्या भरवशावर लांबून घरदार सोडून येतात, त्यांना खोटा दिलासा देणारा मेसेज पुढे ढकलू नये, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

आता वापराचा मुद्दा, जो मेसेजमध्ये नाहीच. शेतीसाठीच्या ट्रॅक्टरची पॉलिसी शेतीच्या वापरापुरतीच असते. 2004 च्या चिन्नम्मा प्रकरणात भाजीचा व्यापारी विकत घेतलेला माल ट्रॉलीतून बाजाराला नेत होता. शेतीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून दुसऱ्याने आपल्या धंद्याचा माल नेणं हा शेतीचा वापर होत नाही, असं न्यायालय म्हणालं. स्वतःचा ऊस कारखान्यावर घालणं वेगळं आणि कारखान्याशी करार करून टनाच्या दराने गावभरचा ऊस ओढणं वेगळं. करार केला असेल तर विमा कंपनीला ते सांगून धंद्याच्या वापराची पॉलिसी घ्या. हप्ता वाढतो, हे खरंय. पण कमी हप्त्याची पॉलिसी नेमकी त्या कामाला लागू नसेल, तर भरलेले पैसेही वायाच.

भाड्याच्या ट्रॉलीची जबाबदारी ट्रॉलीमालकाची, हे तर अर्धंही खरं नाही. ट्रॉली स्वतः चालत नाही. ज्याचा ड्रायव्हर, ज्याचा ट्रॅक्टर, त्याच्याविरुद्धच दावा आधी उभा राहतो. ट्रॉलीमालकालाही त्यात ओढतील, पण तेवढ्याने तुम्ही सुटत नाही. शिवाय ट्रॉलीमालकाकडे पॉलिसी असली तरी ती भाड्याने द्यायच्या वापराला चालते का, हे वाचावं लागतं. आणि थर्ड पार्टी विमा ट्रॉलीच्या स्वतःच्या नुकसानीचा एक रुपया देत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलत्यांनी तोंडी बोलीवर आणलेल्या ट्रॉलीचा ॲक्सल भरल्या उसासकट ओढ्याजवळ मोडला. "ॲक्सल आधीच गेलेला" आणि "तुम्ही जादा भरला" या वादात निम्मा हंगाम गेला, आणि ज्या घरी येणं-जाणं होतं तिथलं बोलणं बंद झालं.

म्हणून ट्रॉली ट्रॅक्टरला जोडायची पिन घालायच्या आधी ट्रॉलीचं आरसी बुक मागा आणि त्यावरचा चेसिस नंबर ट्रॉलीवरच्या नंबरशी ताडून बघा. पॉलिसीची तारीख हंगाम संपेपर्यंतची आहे का, ते बघा. आपल्या विमा कंपनीला ट्रॉलीचा नंबर देऊन ती पॉलिसीत चढवून घ्या, आणि चढवल्याचा कागद हातात येईपर्यंत थांबा. ट्रॉलीचं स्वतःचं नुकसान भरून मिळेल अशी पॉलिसी घ्यायची की ती जोखीम दोघांनी वाटून घ्यायची, हे भाडं ठरवतानाच कागदावर लिहा. टायर, ॲक्सल आणि हुकाचे फोटो मालकासमोरच काढा. मागे दोन ट्रॉल्या असतील तर दुसरीसाठी हे सगळं पुन्हा करा. एकीच्या नंबरावर दुसरी खपत नाही.