‘सर्व्हर लागतच नाही’ म्हणणाऱ्यांनो, लिहिणार कोण ते सांगा

पुढच्या मीटिंगमध्ये कुणी छाती पुढे काढून ‘पीअर-टू-पीअर आहे, मशीन थेट एकमेकांशी बोलतात, सर्व्हर लागतच नाही’ म्हणालं, तर मी त्याला तिथेच थांबवणार आहे. वाचणार कोण ते सांगू नका, हजार जण वाचू देत. लिहिणार कोण, ते बोला!

हायपरबी या पीअर-टू-पीअर डेटाबेसचंच घ्या. मला मनापासून आवडणारी गोष्ट आहे. आत हायपरकोअर, म्हणजे फक्त शेवटी भर घालता येते असा लॉग, आणि त्यावर बी-ट्री, म्हणजे नोंद पटकन सापडावी अशी मांडणी. लॉगवर प्रायव्हेट कीची, म्हणजे लेखकाकडच्या गुप्त किल्लीची, सही असते, म्हणूनच अनोळखी पीअरकडून, म्हणजे जाळ्यातल्या दुसऱ्या मशीनकडून, आलेला डेटाही अस्सल आहे की नाही ते तपासता येतं. पण मग उघड आहे ना, की ज्याच्याकडे ती की, तोच लिहिणार? एक लॉग, एक लेखक. हे कुणी लपवलेलं नाही. तरी आमच्याकडे गोदामाच्या स्टॉकसाठी हेच ठरलं, कारण डेमोत एक लॅपटॉप लिहीत होता, बाकीचे बघत होते आणि सगळे खूश होते. मग फर्मान निघालं, ‘आता सगळ्या सेल्समनना एन्ट्री करू द्या, एवढंच तर आहे.’ एवढंच?

त्यावर सल्लागार साहेबांचा तोडगा: प्रायव्हेट की सगळ्यांच्या फोनमध्ये टाका. अहो, दोन फोन नेटवर्कबाहेर असताना दोघांनी आपापला ५०१ वा ब्लॉक, म्हणजे लॉगमधली पुढची नोंद, लिहिला, तर दोन्हींवर त्याच कीची खरी सही! खरा कुठला मानायचा? लॉगला फाटा फुटला, आणि ज्या सहीवर सगळा भरवसा तिचीच किंमत संपली. शिवाय माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्या डोक्यावर बसून की परत घेणार आहात का?

मग ‘ऑटोबेस लावा’, म्हणजे अनेक लेखकांचे लॉग एकत्र जुळवणारं साधन. लावा ना, दिशा बरोबर आहे. प्रत्येकाचा स्वतःचा हायपरकोअर, प्रत्येक नोंदीत आधी काय पाहिलं त्याचा धागा, आणि त्यातून सगळ्यांसाठी एकच क्रम. पण उशिरा पोचलेली नोंद मागच्या क्रमात घुसू शकते, आणि मग व्ह्यू, म्हणजे त्या क्रमावरून तयार होणारं चित्र, मागे जाऊन पुन्हा बांधला जातो. सेल्समनला मघाशी दिसलेला आकडा बदलतो आणि तो फोन मला करतो! स्टॉक ४० असताना एकानं ५ विकून ३५ लिहिले, दुसऱ्यानं ३ विकून ३७ लिहिले. शेवटचा आकडा टिकला, एकाची विक्री गायब. आकडा लिहायचा नसतो, ‘५ वजा’ ही क्रिया लिहायची असते, हे किती वेळा सांगायचं? ती लागू करणारं फंक्शन प्रत्येक मशीनवर तंतोतंत तेच उत्तर देणारं हवं. त्यात कुणीतरी ‘डेट नाऊ’, म्हणजे आत्ताची वेळ, घातलं! दर फोनचं घड्याळ वेगळं, दर फोनवरचा व्ह्यू वेगळा. आणि क्रम पक्का व्हायला इंडेक्सरांचं, म्हणजे क्रमावर शिक्का मारणाऱ्या लेखकांचं, बहुमत लागतं. सगळ्या फोनना इंडेक्सर करून ठेवलंय. संध्याकाळी निम्म्याहून जास्त फोन बंद, मग पक्का कोण करणार?

एक फोन सकाळी चालू, दुसरा रात्री; मध्ये तिसरा कुणी नसेल तर ते दोघं एकमेकांना कधी भेटणारच नाहीत. दोन्हीकडे मोबाइल कंपन्यांचं एनएटी, म्हणजे अनेक फोन एकाच पत्त्यामागे ठेवणारी सोय, असेल तर होल पंचिंगही, म्हणजे त्यातून थेट वाट काढणंही, अनेकदा फसतं आणि रिले, म्हणजे डेटा पुढे पोचवणारं मधलं मशीन, लागतो.

शेवटी काय केलं? भाड्याच्या एका मशीनवर कायम चालू राहणारा पीअर ठेवला. फोन त्याच्याकडे मागणी पाठवतात, तो तपासतो, तोच एकटा हायपरबीत लिहितो. वाचन सगळीकडे पसरलेलं, लेखन एका जागी. ही चांगली, टिकणारी रचना आहे. पण याला सर्व्हर म्हणतात हो!

आणि माझं डोकं फिरतं ते इथेच. ‘सर्व्हर नाही’ असं मंजूर करून घेतल्यामुळे त्या मशीनसाठी बजेट नाही, बॅकअप नाही, रात्री बंद पडलं तर बघायला माणूस नाही. एकुलती एक प्रायव्हेट की त्या एका डिस्कवर पडून आहे. डिस्क गेली तर सगळ्यांकडच्या प्रती वाचता येतील, पण त्या डेटाबेसमध्ये पुढे एक अक्षरही लिहिता येणार नाही. आणि कुणी शहाण्यानं जुना बॅकअप चढवून, पीअरांकडून पुढचे ब्लॉक न घेताच लिहायला सुरुवात केली, तर पुन्हा तोच फाटा. की कुठे ठेवायची, बॅकअप कुणी चढवायचा, त्याआधी कुठल्या पीअरकडून लॉगची लांबी ताडून घ्यायची, हे लेखी द्या. तोवर नवीन एकही फोन मी जोडणार नाही.