तीन चाकं आणि दोन रकाने

काल दुपारी सदाशिव पेठेतल्या एका सोसायटीच्या फाटकावर मला सांगण्यात आलं, की मी जे चालवतो ते वाहन अस्तित्वातच नाही. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहून टाकतो.

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका कागद-वह्यांच्या होलसेल दुकानाचा माल मी तीनचाकी सायकलवरून पोचवतो. पुढे एक चाक, मागे दोन आणि त्यावर पत्र्याचा हौदा. इंजिन नाही, बॅटरी नाही. जे काही आहे ते माझ्या कमरेखाली. शाळा उघडायचा मोसम असल्याने हौदा रोज शिगोशीग भरतो.

ज्याला सायकल येते त्याला तीनचाकीही येते, असं लोकांना वाटतं. आमच्या मालकाच्या मेहुण्यालाही वाटलं होतं. साधी सायकल वळताना कलते, आपणही कलतो, तोल आपोआप सांभाळला जातो. ही बया कलत नाही. रस्ता कडेला उतरता असला की तीही कडेला निघते आणि पुण्यात कडेला काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यातून साखळीचा जोर मागच्या दोन चाकांपैकी एकालाच मिळतो, दुसरं नुसतं सोबतीला फिरतं. म्हणजे चढाला पाय दाबला की गाडी एका अंगाला ओढते. मेहुणा पहिल्याच वळणावर रसवंतीत शिरला. रिव्हर्स नावाचा प्रकार नाही. मागे घ्यायची तर उतरायचं, हँडल धरायचं आणि ढकलायची. हे सगळं सांगतोय, कारण पुढे त्या फाटकावरच्या काकांनी मला नेमकं हेच करायला लावलं.

त्यात रस्ते. मला जायचं दक्षिणेला आणि आमच्या दारातला बाजीराव रस्ता वाहतो उत्तरेला, शनिवारवाड्याच्या दिशेने. म्हणजे आधी पूर्वेला शिवाजी रस्त्यावर यायचं, दगडूशेठच्या गर्दीतून आणि मंडईच्या भाजीवाल्यांच्या शिव्यांतून खाली उतरायचं आणि मग पुन्हा पश्चिमेला वळायचं. स्कूटरवाले फुटपाथच्या कडेने सरळ उलटे घुसतात. माझा हौदा तिथे मावत नाही, म्हणून मी नियम पाळतो. नियम पाळणाऱ्याला मागून हॉर्न मिळतात. हौद्यात कागदाची रिमं. पाचशे पानांचं एक ए-फोर रीम सव्वादोन किलोच्या वर भरतं, तेव्हा दहा-दहाच्या थप्प्या आणि वर वह्या असल्या की काय होतं याचा हिशेब गुडघे ठेवतात.

तर सोसायटी. जुना वाडा पाडून उभं केलेलं अपार्टमेंट, खाली पार्किंग, फाटकाशी टेबल, टेबलावर रजिस्टर आणि रजिस्टरमागे काका. वॉचमन होता, पण तो काकांच्या मागे उभा होता. जेवणाची वेळ झाली तरी काका उठले नव्हते, यावरूनच मला अंदाज यायला हवा होता.

‘‘गाडी नंबर?’’ काकांनी पेन उघडलं.

‘‘नंबर नाही काका. सायकल आहे.’’

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. पुढच्या चाकापासून सुरुवात केली, मग मागचं डावं, मग खुर्चीतून किंचित वाकून मागचं उजवं.

‘‘सायकलला दोन चाकं असतात.’’

‘‘हिला तीन आहेत.’’

‘‘म्हणजे रिक्षा. रिक्षाला नंबर असतो.’’

‘‘रिक्षाला इंजिन असतं. हिला नाही.’’

‘‘इंजिन आहे की नाही, तो तुमचा घरगुती प्रश्न आहे. आम्ही चाकं मोजतो.’’ त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. पट्टीने आखलेले रकाने होते: तारीख, वेळ, नाव, वाहन क्रमांक, दुचाकी, चारचाकी, कोणाकडे, काम, सही. ‘‘आता तुम्हीच सांगा, खूण कुठे करू?’’

खरं म्हणजे प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, दुचाकीत करा. ते म्हणाले, तिसऱ्या चाकाची जबाबदारी कोण घेणार? मग चारचाकीत करा म्हटलं, तर चारचाकी फक्त सभासदांच्या, पाहुण्यांच्या बाहेर. आणि बाहेर? बाहेर काल त्या बाजूला पार्किंगची तारीखच नव्हती. आपल्याकडे सम तारखेला एक बाजू, विषमला दुसरी. तेवढं पी-वन, पी-टू मला पाठ आहे.

‘‘रकानाच नको. मी माल उतरवतो आणि जातो. पाच मिनिटं.’’

‘‘नोंद नाही तर प्रवेश नाही. उद्या काही कमी-जास्त झालं तर?’’

‘‘वह्या आहेत काका. काय कमी-जास्त होणार?’’

‘‘तेच तर. नोंद नसली तर आम्हाला कळणार कसं?’’

मग त्यांना काहीतरी आठवलं आणि चेहरा उजळला. ‘‘बिल्ला कुठे आहे?’’

मला कळेना. ‘‘आमच्या वेळी,’’ काका टेकून बसले, ‘‘सायकलला कर होता. तो भरला की पितळी बिल्ला मिळायचा, तो सायकलला लावायचा. बिल्ला नसला की पोलीस धरायचा. रात्री दिवा नसला तरी धरायचा. डबलसीट असलं तरी धरायचा. एकदा मी आणि आमचे धाकटे बंधू लक्ष्मी रोडवर तिन्ही गुन्ह्यांत एकदम सापडलो. वडिलांनी दंड भरला आणि वर आम्हाला दिला तो वेगळा. तेव्हा शिस्त होती. तुमचा बिल्ला कुठे?’’

मी म्हटलं, तो कर केव्हाच गेला. ‘‘कर जाईल हो,’’ काका म्हणाले, ‘‘बिल्ला कुठे गेला?’’

याला उत्तर काय द्यायचं, हे कोणाला सुचलं तर मला कळवा.

खरी गोम अशी, की कायद्यानेसुद्धा मी कुठे बसत नाही. १९८८चा मोटार वाहन कायदा यंत्राच्या जोरावर पळणाऱ्या गाड्यांचा आहे, पायडलवाल्यांचा नाही. म्हणून मला लायसन लागत नाही, नंबर लागत नाही. विजेच्या सायकलीसुद्धा अडीचशे वॅट आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत राहिल्या तर तशाच सुटतात. दुकानात माल बांधेपर्यंत बसायला स्टूल असतं आणि वाचायला स्पर्धा परीक्षांची पुस्तकं असतात. त्यातून एवढं कळलं. हे ज्ञान काकांना द्यावं म्हणून तोंड उघडलं, तर ते म्हणाले, ‘‘म्हणजे कायद्याने तुम्ही वाहनच नाही. मग आत काय आणताय?’’

हा प्रकार माझ्याबाबतीत नवा नाही. २०२१ पासून लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो. वाहनं बंद, लोक रस्त्याच्या मधोमध चालतात, रांगोळ्या, फोटो. एका वर्षी मी गल्लीतून रस्त्याच्या तोंडाशी आलो, तर शिट्टी गळ्यात घातलेला एक तरुण आडवा आला. वाहन बंद. ठीक. मी उतरलो, गाडी हाताने ढकलत निघालो. चालतोय, पाय जमिनीवर आहेत, म्हणजे पादचारीच झालो. तर तो म्हणाला, ‘‘काका, तुम्ही जा, गाडी नाही.’’ म्हणजे माल मी काखेत मारून न्यायचा! त्याच रस्त्यावर एरवी बारा महिने दुकानांसमोर टेम्पो उभे असतात, तेव्हा कोणाला शिट्टी सापडत नाही. आणि सिग्नलला बस येऊन टेकते, ड्रायव्हर वरून ओरडतो, ‘‘ए, कडेने चल!’’ कडेला रिक्षा लागलेल्या. मग मधून चाललं की ‘‘ए हातगाडी!’’ पैसे मागायची वेळ आली की मी वाहन, जागा मागायची वेळ आली की मी हातगाडी. असो. राग आला की मी भरकटतो.

तोवर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला. घरी शिकवणी घेणाऱ्या बाई. त्यांचाच माल. ‘‘अहो, सोडा त्यांना! माझ्या वह्या आहेत त्या! चारला मुलं येतायत!’’

काकांनी मानही वर केली नाही. ‘‘वह्या तुमच्या आहेत वहिनी. फाटक सोसायटीचं आहे.’’

आणि मग तोडगा निघाला. काकांनीच काढला आणि काढल्यावर स्वतःच्या बुद्धीवर ते इतके खूश झाले की उठून उभे राहिले.

‘‘असं करा. मागची दोन चाकं आत घ्या. पुढचं बाहेर राहू दे. म्हणजे आत आली फक्त दोन. दुचाकीत खूण करतो.’’

मी हसलो. ते हसले नाहीत. वॉचमन हसला आणि लगेच खोकला.

मागची दोन चाकं आत म्हणजे गाडी उलटी घ्यायची. मी उतरलो, गल्लीत गाडी आडवी केली आणि भरला हौदा फाटकाच्या चढावर मागे ढकलायला लागलो. मागचा एक स्विफ्टवाला काच खाली करून बघत होता. हॉर्न वाजवायलाही विसरला. काका हातवारे करत होते: ‘‘येऊ द्या, येऊ द्या, अजून थोडं... बस! बस म्हटलं ना!’’ पुढचं चाक उंबऱ्याच्या पट्टीबाहेर वीतभर राहिलं होतं. काकांनी खाली बसून खात्री केली. मग त्यांनी रजिस्टरमध्ये खूण केली आणि वाहन क्रमांकाच्या रकान्यात लिहिलं: ‘लागू नाही’.

आता माल वर न्यायचा. लिफ्टच्या दारावर पाटी: ६ व्यक्ती, ४०८ किलो. मी आणि रिमांची पहिली खेप मिळून शंभराच्या आसपास. मी बटण दाबलं.

‘‘लिफ्ट मालासाठी नाही.’’

‘‘काका, चारशे आठ किलो लिहिलंय. आम्ही शंभरही नाही.’’

‘‘व्यक्ती लिहिलंय. वही असं कुठे लिहिलंय?’’

जिना चढलो. किती वेळा, ते माझे गुडघे आणि त्या बाई जाणतात. दुसऱ्या खेपेला त्यांनी पाणी दिलं, तिसऱ्याला कोकम सरबत. बाकी त्या इमारतीबद्दल मला वाईट बोलायचं नाही.

मी वर असताना खाली गोंधळ झाला. एका सभासदाची गाडी आली. फाटकात माझी तीनचाकी अर्धी आत, अर्धी बाहेर. ना फाटक उघडं म्हणता येईल, ना बंद. गाडीवाल्याला आत शिरता येईना, मागे स्विफ्ट अजून तशीच, तिच्यामागे गॅस सिलिंडरचा टेम्पो. मी जिन्यातून उतरलो तेव्हा काका मोठ्याने सांगत होते, ‘‘यांना कितीदा सांगितलं, गाडी अशी मध्येच लावू नका. ऐकत नाहीत. शिक्षणच नाही.’’ आणि ज्याच्याकडे बोट दाखवत होते तो मी.

माझ्या बाजूने बोलायला जगात एकच माणूस होता, वॉचमन. त्याला तिथे नोकरी करायची होती.

गाडी बाहेर काढली. सही केली. एक वाजत आला होता. काकांनी रजिस्टर मिटलं, घड्याळाकडे पाहिलं आणि एकदम आवाज मऊ केला.

‘‘रिकामेच जाताय ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग एक काम करा. रद्दीचे तीन गठ्ठे आहेत माझ्याकडे. जाता जाता कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे टाका. वजन करून चिठ्ठी आणा.’’

हौदा पुसत पुसत मी म्हटलं, ‘‘पन्नास रुपये होतील.’’

काका खरंच दुखावले. ‘‘पन्नास? कशाचे? पेट्रोल लागतं का तुमच्या गाडीला?’’

‘‘नाही.’’

‘‘मग?’’

एवढा वेळ मी उत्तरं देत होतो. याला दिलं नाही. सकाळपासून काय जळत होतं ते पेट्रोलच्या पंपावर मिळत नाही, हे त्या गृहस्थांना सांगून काय होणार होतं? पन्नास रुपयांत टेम्पोवाला किक मारत नाही, रिक्षावाला मान वळवत नाही. पण पाय फुकट. पाय आपलेच आहेत, घरूनच आणलेत, त्यांना काय लागतं! मी सीटवर बसलो आणि निघालो. मागून ऐकू आलं, ‘‘माणुसकी म्हणून काही राहिलेली नाही.’’

दुकानात पोचलो तर फोन माझ्याआधी पोचला होता. गाडीवाला उर्मट आहे, फाटक अडवतो, ज्येष्ठ नागरिकांना पैसे मागतो. मालकाने सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, ‘‘अरे, नेली असतीस रद्दी तर काय बिघडलं असतं? तिथे अजून माल जायचाय.’’

जायचाय. बाईंच्या चित्रकलेच्या वह्या कमी पडल्या होत्या, त्या परवा त्याच पत्त्यावर. मी सांगितलं, नंबर असल्याशिवाय ते आत घेणार नाहीत. मालकाने गल्ल्यातून मान वर न काढता तोडगा दिला, ‘‘माझ्या स्कूटरचा नंबर लिही. कोण बघतंय?’’

ते काका बघतील. वाकून बघतील. आणि स्कूटरचं तिसरं चाक कुठून आलं, ते मलाच विचारतील.