दमट उन्हाळा, मेथोट्रेक्सेट आणि मुलांचा संधिवात: वसईच्या ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

मुलांच्या संधिवातावरच्या लेखात मी "हवामानाचा या आजाराशी संबंध नाही" असं एक वाक्य लिहिलं होतं, आणि तुमचा सगळा राग त्या वाक्यावर आहे. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मुलगी ९ वर्षांची, वजन २४ किलो, पॉलिआर्टिक्युलर जेआयए, म्हणजे पाच किंवा जास्त सांधे धरणारा मुलांचा संधिवात. दर शनिवारी मेथोट्रेक्सेट (सांध्यातला दाह दाबून ठेवणारं मूळ औषध), रोज दोन वेळा नॅप्रोक्सेन (दुखणं आणि सूज कमी करणारं औषध). वसईत मे लागला की ती गळून जाते, सकाळी बोटं वळत नाहीत, आणि पाऊस सुरू झाला की गुडघा सुजतो. गेल्या वर्षी तोंड यायला लागलं म्हणून "औषध गरम पडतंय" असं ठरवून एप्रिलच्या मध्यात मेथोट्रेक्सेट बंद केलंत, शाळेबरोबर जूनमध्ये पुन्हा सुरू केलंत, तरी जुलैत गुडघा सुजलाच. म्हणजे दोष पावसाचा. शिवाय या उकाड्यात व्यायाम सांगणाऱ्याने एकदा वसईत येऊन राहावं, असंही तुम्ही लिहिलंय. आणि अगदी शेवटच्या ओळीत, उजवा गुडघा गेले दहा दिवस सुजलाय.

पहिलं म्हणजे ते वाक्य चूक होतं. दुखणं आणि सूज या दोन गोष्टी मी एकाच ओळीत कोंबल्या. मँचेस्टर विद्यापीठाने ब्रिटनमध्ये अडीच हजारांहून जास्त लोकांची रोजची दुखण्याची नोंद मोबाइलवर घेतली होती. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. दमट हवा, कमी हवेचा दाब आणि वारा असलेल्या दिवशी दुखणं थोडं जास्त, असं त्यात दिसलं. पण ती मोठी माणसं होती, देश थंड, आणि नोंद दुखण्याची होती, सांध्यातल्या सुजेची नव्हे. तेव्हा तुमच्या मुलीला दमट दिवशी जास्त दुखतं हे मी नाकारत नाही, नाकारूही नये. हवेने सांध्यातला दाह पेटतो, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. आणि हा फरक तुमच्या घरात फार महत्त्वाचा आहे, कारण "हवेमुळे" म्हटलं की आपण हवा बदलायची वाट बघत बसतो.

दमट उकाडा मुलाचं नेमकं काय करतो ते बघू. नागपूरला ४३ अंशांत घाम वाळतो, वसईला ३४ अंशांतही तो अंगावर तसाच राहतो. घाम वाळतानाच उष्णता घेऊन जातो, नुसता निथळून गेला तर पाणी आणि मीठ जातं, अंग मात्र तापलेलंच राहतं. रात्री झोप लागत नाही, आणि अपुऱ्या झोपेनंतर तेच दुखणं दुप्पट वाटतं. भूक मरते, नाश्ता राहतो आणि नॅप्रोक्सेन रिकाम्या पोटी जातं. दिवसभर पंख्याखाली बसून राहिल्याने सांधे आखडतात. सुट्टीत घड्याळ सुटतं, तशी औषधंही सुटतात. तुमच्या मुलीचा मे महिना या सगळ्यांनी मिळून बनतो, आणि यातलं बरंचसं आपल्या हातात आहे.

आता गेल्या वर्षीचं. मेथोट्रेक्सेट ही ताप उतरवणारी गोळी नव्हे. त्याचा गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात आणि बंद केल्यावर तो ओसरतोही हळूहळू. एप्रिलच्या मध्यात बंद केलंत. मे महिन्यात फारसं काही बिघडलं नाही, म्हणून वाटलं की चाललंय. जूनमध्ये जुना असर संपत आला. त्याच महिन्यात पुन्हा सुरू केलंत, पण नव्याने सुरू केलेल्या औषधाचा पूर्ण गुण ऑगस्ट-सप्टेंबरशिवाय येणार नव्हता. मधली जुलैची खिडकी उघडी राहिली आणि गुडघा त्याच खिडकीत सुजला. त्याच सुमाराला पाऊस पडत होता, एवढंच. उन्हाळ्यात औषधाला सुट्टी द्यायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, आणि तिचं बिल पावसाच्या नावावर फाटतं. हे मी दोष द्यायला लिहीत नाही. बंद करणं आणि बिघडणं यांच्यात दोन-अडीच महिने गेले, की कुणालाही त्यांचा संबंध दिसत नाही.

तोंड येण्याबद्दल मात्र तुमची शंका रास्त होती, अर्थ चुकला. आपल्याकडे तोंड आलं की उष्णता झाली, मग सब्जा, गुलकंद, तूप. ते द्या, त्याने बिघडत नाही. पण मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या मुलाच्या तोंडातले फोड हा त्या औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे, एप्रिल असो की डिसेंबर. त्यावर पहिला उपाय असतो फॉलिक अॅसिड (मेथोट्रेक्सेटचे दुष्परिणाम कमी करायला सोबत देतात ते जीवनसत्त्व) नियमित चाललंय का ते बघणं आणि डॉक्टरांकडून त्याची मात्रा तपासून घेणं. गोळीने मळमळ होत असेल तर ती रात्री द्यायची, तरी भागलं नाही तर तेच औषध त्वचेखालच्या इंजेक्शनने देता येतं. फोडांबरोबर ताप असेल, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर त्या आठवड्याचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन आणि त्याच दिवशी रक्ततपासणी, कारण रक्तपेशी घटल्याचीही ती खूण असू शकते. मे महिन्यात याला आणखी एक धार येते. मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडातून बाहेर पडतं. अंगातलं पाणी कमी झालं, वरून नॅप्रोक्सेन चालू असलं, की ते शरीरात जास्त वेळ रेंगाळतं आणि दुष्परिणाम वाढतात. उलट्या-जुलाब लागले असतील तर त्या शनिवारचा डोस आणि नॅप्रोक्सेन दोन्ही फोन केल्याशिवाय देऊ नका.

दोन सूचना इथेच, नाहीतर राहून जातील. सुट्टीत मुलगी आजीकडे जाणार असेल तर गोळ्यांच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत "फक्त शनिवारी" लिहा. आठवड्याची गोळी रोज दिली गेल्याने मुलं गंभीर आजारी पडतात. आणि कमी पाणी प्यायल्याने लघवीला जळजळ झाली, गल्लीतल्या दवाखान्यात नेलं, तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगा. कोट्रायमॉक्साझोल हे अशा वेळी सहज लिहिलं जाणारं औषध मेथोट्रेक्सेटबरोबर चालत नाही, रक्तपेशी धोकादायकरीत्या घटू शकतात.

पाणी किती? २४ किलोच्या मुलीला साध्या दिवशीसुद्धा दीड लिटरच्या थोडं वर लागतं, दूध, ताक, वरण धरून. घाम निथळणाऱ्या दिवशी अर्धा लिटर तरी आणखी. मोजत बसण्यापेक्षा लघवी बघा. दिवसातून पाच-सहा वेळा आणि फिकी पिवळी असेल तर ठीक. ताक, दही "वात वाढतो" म्हणून बंद केलं असेल तर चालू करा. दाह वाढवणारं त्यात काही नाही, आणि वाढत्या हाडांना कॅल्शियम लागतं. जुलाब झाले तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवायचं. पेल्यात चिमूट टाकून नाही.

शाळा सुरू झाली की पाण्याची बाटली भरलेलीच परत येते का, हे बघा. येत असेल तर रागावू नका, विचारा. गुडघे आणि घोटे दुखणाऱ्या मुलीला शाळेच्या भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवं बसता येत नाही, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. हे मुली सांगत नाहीत. शिक्षकांच्या खोलीतला कमोड वापरायची परवानगी आणि तशी डॉक्टरांची चिठ्ठी, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

झोपेसाठी एसी लावायला घाबरू नका. थंड हवेने सांध्यात सूज येत नाही, झोत थेट अंगावर आला तर स्नायू आखडतात इतकंच. २६ अंश, झोत भिंतीकडे, अंगावर पातळ चादर, आणि उठायच्या अर्धा तास आधी बंद. पावसाच्या तोंडावर हवा नुसती चिकट असते तेव्हा "ड्राय" मोड पुरतो. सकाळी बोटं वळत नसतील तर मे महिन्यातही दहा मिनिटं हात कोमट पाण्याच्या घमेल्यात, त्यातच मूठ उघडबंद करायची, आणि मग नेहमीची गार आंघोळ. बोटं सुटायला किती मिनिटं लागली ते रोज लिहून ठेवा. आखडलेपणाच्या मिनिटांवरून डॉक्टरांना जे कळतं ते "खूप दुखतं" यावरून कळत नाही.

व्यायामाबद्दल तुमचं म्हणणं निम्मं मान्य. दुपारी चार वाजता सायकल चालवायला सांगणं हा मूर्खपणाच. पण सकाळी साडेसातच्या आत किंवा अंधार पडल्यावर, पंख्याखाली, वीस मिनिटं गुडघा पूर्ण सरळ करणं, मनगट मागे वळवणं, टाचेवर-चवड्यावर चालणं हे उकाड्यातही जमतं. जवळ तरणतलाव असेल तर या मुलांसाठी त्याहून चांगलं काही नाही. अंग गार राहतं आणि सांध्यावर वजन येत नाही. बसून राहिलेला गुडघा थोडा वाकडाच राहायला शिकतो, आणि तो नंतर सरळ करणं फार जड जातं. रात्री स्प्लिंट (सांधा सरळ धरून ठेवणारा साचा) लावत असाल तर आत सुती मोजा घाला, ओला झाला की बदला. त्याखाली घामोळं आणि नायटा दोन्ही होतात. स्प्लिंट बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका, तापून वाकडं होतं.

पावसाळ्याची खरी भीती मला गुडघ्यापेक्षा तापाची वाटते. जून ते ऑक्टोबर तुमच्या भागात डेंग्यू असतो, आणि डेंग्यूत नॅप्रोक्सेन किंवा आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून ताप आला की डेंग्यू नाही हे कळेपर्यंत नॅप्रोक्सेन थांबवायचं, पॅरासिटामॉल द्यायचं (किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलीला एका वेळी २५० ते ३५०, दोन डोसांत सहा तास), आणि त्याच दिवशी दाखवायचं. मेथोट्रेक्सेटवरच्या मुलाचा ताप "बघू उद्यापर्यंत" म्हणून सोडायचा नसतो. चिकुनगुन्यातही सांधे धरतात, तेव्हा "संधिवात उसळला" हा निष्कर्ष घरी काढू नका. ज्यांच्या मुलांना सिस्टेमिक प्रकार (सांध्यांबरोबर ताप आणि चट्टे येणारा) आहे त्यांच्यासाठी एवढंच: दिवसातून एकदा-दोनदा ३९ अंश सेल्सिअसच्या वर चढून पूर्ण उतरणारा ताप आणि त्याबरोबर उमटणारे, सहसा न खाजणारे गुलाबी चट्टे हे घामोळं नव्हे. घामोळं खाजतं, आणि ताप उतरला म्हणून जात नाही. तोच ताप दिवसभर उतरेनासा झाला आणि मूल सुस्त पडलं तर थेट रुग्णालय.

इटॅनरसेप्ट, अॅडॅलिम्युमॅबसारखी (दाह रोखणारी, फ्रिजमध्ये ठेवायची) इंजेक्शनं ज्यांच्या मुलांना चालू आहेत त्या पालकांनी मे महिन्यात फ्रिजकडे लक्ष द्यावं. २ ते ८ अंश, मधला कप्पा. दारात नको, फ्रीझरला चिकटून नको. गावी नेताना बर्फाच्या पॅकला कापड गुंडाळा, कारण गोठलेलं इंजेक्शन फेकूनच द्यावं लागतं, आणि तापून वाया गेलेलंही डोळ्यांना स्वच्छच दिसतं.

आता तो गुडघा. आज संध्याकाळी हे करा. मुलीला वीस मिनिटं पंख्याखाली स्वस्थ पडू द्या, पाय सरळ. हाताचा मागचा भाग मांडीवरून वाटीवर, तिथून नडगीवर फिरवा. निरोगी गुडघ्याची वाटी मांडी आणि नडगी यांच्यापेक्षा किंचित गार लागते. हवा कितीही तापलेली असो, हा क्रम बदलत नाही. वाटी तेवढीच किंवा जास्त गरम लागली तर आत दाह आहे. मग गुडघ्याच्या आतल्या बाजूला, वाटीशेजारच्या खळगीत, तळव्याने खालून वर दोन-तीनदा निपटा. खळगी रिकामी होईल. आता बाहेरच्या बाजूने वरून खाली निपटा आणि आतल्या खळगीकडे बघत राहा. तिथे हळूच फुगवटा परत आला, तर सांध्यात पाणी आहे. डाव्या गुडघ्यावर हेच करून बघा, फरक कळेल. खळगी दिसतच नसेल, सगळं भरून सपाट झालं असेल, तर पाणी जास्त आहे. उकाड्याने पाय फुगतात तेव्हा पाऊल आणि घोटा, दोन्हीकडे सारखं फुगतं. एकाच गुडघ्याची वाटी हरवत नाही.

दहा दिवस झालेत, त्यामुळे तपासणीत काहीही दिसलं तरी या आठवड्यातच लहान मुलांच्या संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्या. ताप असेल, किंवा ती पाय टेकवतच नसेल, तर आजच, कारण सांध्यातला जंतुसंसर्ग थांबत नाही. जाताना शेवटच्या रक्ततपासणीचा कागद आणि गेल्या १२ आठवड्यांत किती शनिवार चुकले याची खरी यादी न्या. ती यादी नसली तर औषध लागू पडत नाही असं समजून ते बदललं जाईल. एकच सांधा हट्टाला पेटला असेल तर त्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात का, हे विचारा. त्यानंतर एक-दोन दिवस त्या पायाला आराम लागतो, म्हणून शाळेची चाचणी बघून तारीख ठरवा. आणि डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी (डोळ्यांच्या डॉक्टरांकडे खास दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाने होते ती) शेवटची कधी झाली तेही त्याच दिवशी बघा. या आजारातला डोळ्याचा दाह बहुतेकदा लाल होत नाही, दुखत नाही, आणि "उन्हाने डोळे चुरचुरतात" या वाक्याखाली महिनोन्महिने दडून राहतो.

मूळ लेखातलं ते वाक्य बदललं आहे. गुडघ्याचं काय झालं ते इथेच कळवा.