फेलोशिपवाल्या पोरांना ‘फुकटे’ म्हणण्याआधी

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर गेल्या आठवड्यात मला तीन ग्रुपांवर आला. सार असं: बार्टी, सारथी, महाज्योती (अनुक्रमे अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठीच्या राज्य सरकारच्या संस्था) यांच्या पीएचडी फेलोशिपा म्हणजे पाच वर्षांचा फुकट पगार, प्राध्यापकभरतीत आरक्षण आहेच, मग वर हे कशाला, आणि प्राध्यापक कुठल्या घरातून आला याने शिकवण्यात काय फरक पडतो? मी संशोधक विद्यार्थ्यांची गाइड आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘फुकट पगार’. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) दर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे, हे खरं. पण त्यासाठी प्रगती अहवाल द्यावे लागतात, त्यावर गाइडची सही लागते आणि दोन वर्षांनी काम तपासल्यावरच पुढचा दर सुरू होतो. शिवाय पैसे दर एक तारखेला येतात असं समजू नका. माझ्या एका विद्यार्थ्याचे आठ महिने थकले, तेव्हा मेसचं बिल भागवायला तो रात्री क्लासचे पेपर तपासायचा. प्रबंधाचं लिखाण तेवढे महिने तसंच पडून राहिलं. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांनाही १९१७ साली लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं होतं, डी.एस्सी. मिळायला १९२३ उजाडलं.

‘आरक्षण आहेच’. आरक्षणाने जागा राखली जाते, तिथवर पोचायची पात्रता ज्याची त्यालाच मिळवावी लागते. सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएचडी लागतेच. ती करताना घरी पैसे पाठवावे लागणारं पोर मध्येच नोकरी धरतं, आणि मग राखीव जागेपुढे ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा पडतो. तो शेरा ‘यांच्यात पात्रताच नाही’ याचा पुरावा म्हणून मिरवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

‘घराने काय फरक पडतो?’ याचं उत्तर मला बीडच्या एका विद्यार्थिनीने दिलं. तिचे आईवडील ऊसतोड कामगार, प्रबंधाचा विषयही तोच. पाहणीच्या फॉर्ममध्ये ‘महिन्याचं उत्पन्न’ असा रकाना मी घातला होता. तिने माझ्यासमोर तो पेनाने खोडला. “मॅडम, महिन्याचं काही नसतं. मुकादमाकडून उचल घेतात, ती हंगामभर फेडतात.” मग ‘कुटुंबातील कमावत्या व्यक्ती’ हेही खोडून तिने ‘कोयता’ लिहिलं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; मजुरीचा हिशोब जोडीचा, पैसे बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. बाईच्या श्रमाचे वेगळे पैसे किती, हा प्रश्न माझ्या फॉर्ममध्ये विचारायची सोयच नव्हती.

आता तिच्या प्रबंधाची दोन प्रकरणं त्याच प्रश्नावर आहेत. शेवटचं लिहायचं राहिलंय आणि फेलोशिपचे चार महिने उरलेत.