जरा बाजूला व्हा, कॅमेरा येतोय

“जरा बाजूला होता का? कॅमेरा येतोय.”

हे वाक्य मला उद्देशून होतं, आणि ते कानावर पडलं तेव्हा माझ्या हातात कॅमेराच होता. चालू केलेला, लेन्स बाहेर आलेली, समोरच्या तळ्यातल्या बगळ्यावर फोकस लागलेला. तरी मी बाजूला झालो. पाय आपोआप सरकले. माझ्या शेजारचे दोघेतिघेही सरकले, पण त्यांच्या हातात काही नव्हतं, त्यांचं ठीक आहे. माझ्या हातातल्या वस्तूची गणना कॅमेऱ्यात होत नाही हे मला चारचौघांत कळलं, याचा राग अजून गेलेला नाही.

येणारा कॅमेरा हप्त्याहप्त्याने आला. आधी लेन्स आली, मग तिच्यामागे काळी बॉडी, मग कंपनीचं नाव ठळक विणलेला पट्टा, आणि सर्वांत शेवटी त्या पट्ट्यात मान अडकवलेले एक गृहस्थ. अंगात खिशांचं जाकीट. जिथे खिसा असण्याचं काही कारण नाही, तिथेही खिसा. चष्मा पुसायचं फडकं शोधताना त्यांनी ते सगळे खिसे कठड्यावर उपसले, म्हणून आतला ऐवजही मला पाहता आला: एक बॅटरी, दुसरी बॅटरी, धूळ उडवायचा रबरी फुगा, ब्रश, दोन फिल्टर आणि लेन्सची टोपी. फडकं सापडलं नाही. चष्मा शर्टाला पुसला गेला.

लेन्सवरचं हूड त्यांनी उलटं लावलेलं होतं. हूड उलटं लावतात ते बॅगेत ठेवताना जागा कमी लागावी म्हणून. फोटो काढताना ते सरळ, तोंड पुढे करून लावायचं असतं, म्हणजे बाजूचा तिरपा उजेड लेन्सवर पडत नाही. उलट्या हूडने फोटो काढत फिरणं म्हणजे मिटलेली छत्री काखेत धरून पावसातून चालणं. पण हे मी बोलणार कुठल्या तोंडाने? माझ्या कॅमेऱ्याला हूडच नाही.

डायल हिरव्या ऑटोवर होती. संध्याकाळ झालेली. गृहस्थांनी डोळा लावला, बटण अर्धं दाबलं, आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश टक्कन उभा राहिला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. ऑटोवर उजेड कमी वाटला की तो स्वतःच्या मर्जीने उठतो. बगळा पन्नासेक मीटरवर. तो टीचभर फ्लॅश जेमतेम चार-पाच मीटरपर्यंत काही करू शकतो, त्यामुळे लखकन उजळले ते पुढ्यातले कठड्याचे गज. पुन्हा लखलख. पुन्हा गज. तिसऱ्या लखलखाटाला बगळ्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि तो शांतपणे उडून गेला.

“पक्ष्यांना संयम नसतो,” गृहस्थ म्हणाले.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. म्हणजे माझ्या हाताकडे.

“साहेब, एक फोटो काढाल का?”

मी हात पुढे केला. निदान दोन मिनिटं तो ऐवज हातात येईल, वजन कळेल, पकड कशी आहे ते कळेल. सध्या माझं तेच चाललं आहे. माझा जुना कॉम्पॅक्ट, म्हणजे खिशात मावणारा छोटा कॅमेरा, आता लेन्स आत घेताना कण्हतो, त्यामुळे नवा घ्यायचा आहे, पैसे मोजके आहेत, आणि कॉम्पॅक्टच पुन्हा घ्यावा की डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, या प्रश्नाने डोकं पोखरलं आहे. पण गृहस्थांनी कॅमेरा छातीशी घट्ट धरला.

“याने नाही हो! तुमच्याने. याने काढला तर हा फोटोत कसा येणार?”

तर्क बिनतोड होता. एवढा मोठा कॅमेरा, एवढी लेन्स, एवढे खिसे, आणि त्यांना जो फोटो हवा होता तो नेमका त्या कॅमेऱ्याला काढता येणार नव्हता. त्यासाठी मघाशी बाजूला सारलेली डबी लागत होती.

पुढचा बराच वेळ मी त्यांचा खासगी छायाचित्रकार होतो.

“लेन्स पूर्ण दिसली पाहिजे. थांबा, लांब करतो.” त्यांनी झूम फिरवून लेन्स होती त्याहून लांब केली. “पट्ट्यावरचं नाव सरळ आहे ना? उलटं नको यायला. आणि हे बघा, पोज दिल्यासारखं नको वाटायला. मी बगळ्याकडे बघतोय, तुम्ही सहज काढलाय, असं.”

“बगळा गेला.”

“फोटोत कोणाला कळणार आहे?”

ते जिथे बगळा नव्हता तिथे एकाग्रतेने पाहू लागले. मी काढला. त्यांनी पाहिला. कॅमेरा डोळ्याला लावल्यामुळे चेहरा झाकला गेला, म्हणून दुसरा. दुसऱ्यात चेहरा आला पण लेन्स तिरपी झाली, म्हणून तिसरा. चौथ्या वेळी त्यांनी शंका काढली, “एवढ्याशा कॅमेऱ्यात मावेल ना पूर्ण लेन्स?”

मी म्हटलं, “डोंगर मावतात.”

हे त्यांना आवडलं नसावं. पण पाचवा फोटो पाहून ते एकदम खुलले. “वा! बरा येतो की हो. चेहरा अगदी गुळगुळीत आला.” आला होता खरा. अंधारात माझ्या कॅमेऱ्याच्या इवल्या सेन्सरला, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपला, कमी उजेड मिळतो, मग तो आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, चढवतो, चित्रात रवा पडतो, आणि तो रवा लपवायला आतलं सॉफ्टवेअर सगळं सारवून टाकतं. त्या सारवणात गृहस्थांच्या सुरकुत्या, कानशिलावरचे पांढरे केस आणि निदान दहा वर्षं गेली होती. त्यांच्या महागड्या यंत्राने ती इमानदारीने दाखवली असती.

“मेगापिक्सेल किती आहेत तुमचे?”

“वीस.”

शांतता. त्यांनी आपल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. इतका वेळ माझ्या बाजूने काही घडलं असेल तर ते एवढंच.

“माझे अठरा,” ते म्हणाले. मग जाकीट नीट केलं आणि म्हणाले, “पण मोठे आहेत.”

मी मनातल्या मनात इतका हसलो की अपमान जवळजवळ फिटला. ‘पण मोठे आहेत!’ हरलेल्या माणसाने काहीही बोलावं ते हे. फोटो त्यांच्या फोनवर पाठवला आणि हसतच घरी आलो. चूळ भरायच्या आधी, केवळ आनंद पुरवून खावा म्हणून, दोन्ही सेन्सरची मापं काढून बसलो.

माझा सेन्सर ६.१७ बाय ४.५५ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटर. त्यांचा एपीएस-सी, म्हणजे डीएसएलआरमध्ये सर्रास असणाऱ्या मापाचा, २२.३ बाय १४.९, म्हणजे ३३२. जवळजवळ बारा पट. त्यावर अठराच मेगापिक्सेल, म्हणजे एक कोटी ऐंशी लाख ठिपके, पेरलेले, म्हणून एकेक पिक्सेल सुमारे ४.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद. माझ्या २८ चौरस मिलिमीटरवर वीस मेगापिक्सेल कोंबलेले, म्हणून एकेक १.२ मायक्रॉनचा. त्या गृहस्थांचे पिक्सेल खरोखरच मोठे होते. लेन्सचा एफ-आकडा (तो जितका लहान, तितका उजेड जास्त) सारखाच ठेवला तर त्यांचा एक पिक्सेल माझ्या एका पिक्सेलच्या तेरा पट उजेड गोळा करतो, आणि अंधारातला स्वच्छ फोटो म्हणजे दुसरं काही नसतं, उजेडच असतो.

माणूस चुकीच्या कारणाने बरोबर असला की फार त्रास होतो. हूड उलटं, डायल ऑटोवर, फ्लॅश बगळ्यावर, आणि तरी भौतिकशास्त्र त्याच्या बाजूचं. फोटॉनला हूडची अक्कल विचारायची सवय नाही.

तर मग मोठ्या सेन्सरचा कॉम्पॅक्ट घ्यावा. असतो असा. २०१२ मध्ये सोनीने आरएक्स१०० काढला, वजन २४० ग्रॅम, खिशात जाणारा, आणि त्यात ‘एक इंची’ सेन्सर. हे वाचून मी पट्टी घेतली. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. सेन्सर १३.२ बाय ८.८. लांबी घ्या, रुंदी घ्या, कर्ण घ्या, इंच कुठेच भरत नाही. कर्णही सोळाच्या आत. ही मापं आली जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांवरून. नळीची बाहेरची जाडी एक इंच असली तरी आत प्रत्यक्ष चित्र पडायची जागा त्याहून बरीच लहान असायची. नळ्या गेल्या, त्यांची जाडी मात्र आम्ही आजही मोजतो. कापड असं मापून दिलं तर दुकानदाराला गिऱ्हाईक सोडणार नाही, पण सेन्सरच्या बाबतीत कोणी चकार शब्द काढत नाही.

तरीही तो सेन्सर माझ्या सध्याच्यापेक्षा चौपट मोठा आहे, आणि मला तोच हवा आहे. अडचण अशी की जो खिशात मावतो तो खिशाला परवडत नाही. स्वस्त कॉम्पॅक्ट फोनने गिळले. २०१० साली जगभरात बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कंपन्यांतून बाहेर पडले होते, त्यांतले बहुतेक असे छोटेच. पुढे कंपन्यांनी स्वस्त माल बनवणं जवळपास सोडूनच दिलं आणि चांगला, म्हणजे महाग, तेवढा ठेवला. आता इतक्यात तरुण मंडळींना जुन्या कॉम्पॅक्टच्या फोटोंतला तो रवा आवडायला लागलाय, त्यामुळे जुनेही वधारले. मी तो रवा इतकी वर्षं लाजत लपवत होतो!

डीएसएलआरचं उलटं. निकॉन आणि कॅनन या दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही. बहुतेक सगळे आरसा नसलेल्या मिररलेसकडे गेले. त्यामुळे जुना डीएसएलआर लेन्ससकट त्या खिशातल्या कॅमेऱ्याहून कमी पैशात मिळतो. मोठा स्वस्त, छोटा महाग. इथेच बजेटवाला माणूस फसतो, कारण स्वस्त असते ती बॉडी.

तिच्यासोबत १८ ते ५५ मिलिमीटरची लेन्स येते (मिलिमीटर जितके जास्त, तितकं लांबचं जवळ दिसतं). तिचा झूम तीन पट. बगळा पन्नास मीटरवर असेल तर ५५ मिलिमीटरला तो फोटोत पांढरा डाग दिसतो. म्हणून ३०० पर्यंत जाणारी दुसरी लेन्स. घरात संध्याकाळी पोरं नाचत असतील तर एफ/५.६ ला ती भुतासारखी हलतात. म्हणून ५० मिलिमीटरची एफ/१.८, जी जवळजवळ दहा पट उजेड आत घेते. ही तिसरी खरंच घेण्यासारखी आहे, आणि सगळ्यांत स्वस्तही. फक्त एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही. निकॉनच्या काही प्राथमिक बॉडीत फोकसची मोटरच नसते, आणि या लेन्सच्या जुन्या, स्वस्त आवृत्तीतही नसते. दोघांची गाठ घातली की फोकस हाताने फिरवत बसायचं. मोटर असलेली बॉडी महाग, मोटर असलेली लेन्सही महाग. ज्याच्याकडे पैसे कमी त्याच्यासाठी दोन्हीकडून एकच भाग काढून घ्यायचा, हे कोणाला तरी टेबलाशी बसून सुचलं असणार. मला त्या माणसाला भेटायचं आहे. फोटो काढायला नव्हे.

आणि हे सगळं वाहायचं. मग बॅग, मग तिपाई. डिजिटल कॅमेऱ्याचा जन्मच भारदस्त आहे म्हणा: कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये बनवलेला पहिला कॅमेरा साडेतीन किलोंच्या वर होता, आणि त्याला ०.०१ मेगापिक्सेलचं एक चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत. त्याने बगळा नक्की उडाला नसता. फ्लॅश तरी नव्हता.

सल्ला मागितला की लोक दोनच गोष्टी सांगतात. निम्मे म्हणतात, “फोन आहे ना?” फोन आहे. फोन असतानाही चप्पल घेतो, तसा कॅमेराही घ्यावासा वाटतो, यापुढे मी खुलासा देणार नाही. उरलेले म्हणतात, “घेतोयस तर मोठाच घे.” हे लोक माझ्या बजेटमधला एक पैसाही भरणार नसतात. माझं स्वतःचं मत विचाराल तर खिशातल्याच्या बाजूने आहे. बरोबर असलेला कॅमेरा फोटो काढतो, कपाटातला नाही. हे मत पक्कं आहे, फक्त त्याला पैसे पुरत नाहीत.

म्हणून शेवटी जुन्या डीएसएलआरच्या जाहिराती वाचायला बसलो. सगळ्या एकाच माणसाने लिहिल्यासारख्या. ‘अगदी नव्यासारखा.’ ‘क्वचित वापरलेला.’ ‘हौसेने घेतला होता.’ त्यांतल्या एकाला फोन केला आणि जाणकार आवाजात विचारलं, “शटर काउंट किती झालाय?”

“ते काय असतं?”

“आजवर किती फोटो काढलेत?”

“अहो, कुठले फोटो! तो कपाटातच आहे. पेटीपॅक समजा. दोन लेन्स देतो, तिपाई देतो, ते फुगा-ब्रश सगळं देतो.”

“आणि बॅग?”

“बॅग नाही देता येणार,” तो म्हणाला. “ती वापरात आहे.”